जुन्या पिकअप, व्हॅन, ट्रकचा ईसीएम बदलायचाय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला अंबडच्या माझ्या गाळ्यावर रोज एखादा तरी फोन येतोच, "भाऊ, बॉक्स गेलाय म्हणतात, नवीन केवढ्याला बसेल?" आणि मी दरवेळी तेच तेच बोलतो, शेवटी पोरगा म्हणाला एकदा टाइप करून ठेवा आणि लिंक पाठवत जा. तर हे ते. ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, त्यालाच आम्ही बॉक्स म्हणतो. गाड्या म्हणजे आपल्याकडच्याच, कांद्या-टोमॅटोच्या पिकअप, शाळेच्या व्हॅन, त्र्यंबकला माणसं नेणाऱ्या ट्रॅव्हलर आणि दहा-बारा वर्षं झालेले ट्रक. मी वायरमन आहे, इंजिनिअर नाही, भाषा तशीच असणार. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, बॉक्स सगळ्यात शेवटी बदलायचा आणि जुना बॉक्स काही झालं तरी हातातून सोडायचा नाही. खाली सगळं त्याचंच कारण आहे.

माझ्या गाडीला ईसीएम आहे का नाही तेच माहीत नाही, कसं कळणार?

एक्सलेटरच्या पेडलपाशी वाकून बघा. पेडलपासून केबल निघून थेट डीझेल पंपाला गेली असेल तर ती साध्या पंपाची गाडी, तिचं इंजिन चालवायला कॉम्प्युटर लागत नाही. पेडलला नुसताच वायरचा कपलर असेल तर ईसीएम आहे म्हणून समजा. बीएस-३ (बीएस म्हणजे धुराचे सरकारी नियम) देशभर २०१० ला आलं तेव्हाच्या बऱ्याच पिकअपला आणि ट्रकला साधा पंपच होता, बीएस-४ सगळीकडे १ एप्रिल २०१७ पासून आणि त्याच्या पुढेमागे कॉमन रेल, म्हणजे एका पाइपात दाबाने डीझेल भरून कॉम्प्युटर इंजेक्टर उघडतो ती सिस्टिम, घरोघरी झाली. पेट्रोल व्हॅन एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरवाली, असली की ईसीएम असणारच, तिथे केबल असली तरी फसू नका.

निफाडचे एक काका आले होते, गाडी साध्या पंपाची, आणि कुणीतरी त्यांना "ईसीएम गेला" सांगून पाच आकडी रक्कम सांगितली होती. डॅशबोर्डखाली जो काळा डबा दाखवला होता तो हिटर प्लगचा टायमर निघाला. काही जुन्या डीझेल गाड्यांना ईजीआरचा (थोडा धूर परत इंजिनात फिरवून प्रदूषण कमी करतो तो) पण छोटा डबा असतो. प्रत्येक डबा म्हणजे ईसीएम नसतो.

ईसीएमच गेलाय हे ओळखायचं कसं?

सेल्फ मारायच्या आधी नुसती किल्ली ऑन करा. मीटरवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागला पाहिजे. नाही लागला तर ईसीएमला करंट मिळत नाहीये, किंवा अर्थ मिळत नाहीये, किंवा ईसीएम गेलाय, आणि तपासायचं याच क्रमाने. बल्बच उडालेला असू शकतो हे पण आहेच.

मग स्कॅनर, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरच्या तक्रारी कोडमध्ये वाचणारं यंत्र. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनचा सॉकेट असतो, त्यात १६ नंबरला बॅटरीचा डायरेक्ट करंट आणि ४ आणि ५ ला अर्थ. स्कॅनर चालूच होत नसेल तर सॉकेटचा फ्यूज बघा, बहुतेक वेळा त्याच फ्यूजवर चार्जर नाहीतर गाण्यांचा टेप जोडलेला असतो आणि तोच उडवतो. स्कॅनर चालू होतोय, मीटर किंवा एबीएस बोलतंय आणि फक्त इंजिन बोलत नाही, तेव्हा संशय ईसीएमकडे सरकतो. सरकतो म्हणतोय, शिक्का नाही मारत.

कॅन लाइनची, म्हणजे जिच्यात सगळे कॉम्प्युटर दोन तारांवर एकमेकांशी बोलतात अशी, गाडी असेल तर बॅटरी काढून सॉकेटच्या ६ आणि १४ नंबर पिनांमध्ये ओहम बघा. ६० च्या आसपास यायला पाहिजे. १२० आला तर लाइनचं एक टोक कुठेतरी सुटलंय, शून्याजवळ आला तर दोन तारा एकमेकींना चिकटल्यात. त्याहून जुन्या गाड्यांत ७ नंबरच्या पिनवर एकाच तारेची के-लाइन असते, तिथे ही टेस्ट लागू नाही.

खरोखर गेलेल्या ईसीएमची लक्षणं बघितली तर एखादाच इंजेक्टर फायर न होणं आणि वायर इंजेक्टर दोन्ही ओके असणं, सेन्सरला जाणारा ५ व्होल्ट सप्लाय सगळे सेन्सर काढले तरी न येणं, मेन रिलेला (ईसीएमचा सप्लाय चालू करणारा स्विच) ईसीएम ओढतच नाही, किंवा बॉक्स उघडल्यावर आत हिरवट बुरशीसारखं चढलेलं तांबं दिसणं. हे शेवटचं दिसलं की वादच मिटला.

स्कॅनरवर पी ०६०६ आलाय, म्हणजे बॉक्स गेलाच ना?

पी ०६०६ म्हणजे प्रोसेसरची तक्रार, पी ०६०१ आणि पी ०६०५ म्हणजे मेमरीची. वाचायला भयंकर वाटतात. पण बॅटरी मेलेली असताना सेल्फ मारला, व्होल्टेज धाडकन पडलं, तरी असले कोड येऊन बसतात. कोड लिहून घ्या, क्लिअर करा, चांगली बॅटरी लावा, चार वेळा चालू-बंद करा, आणि परत आला तर मग बोलू. क्लिअर करायच्या आधी लिहून घ्या हे मी मुद्दाम म्हणतोय, कारण निम्मे लोक आधी क्लिअर करतात आणि मग मला विचारतात कोणता होता.

पी ०६४२ किंवा पी ०६४३ असेल तर ती ५ व्होल्टची भानगड, ते खाली आहे. आणि पी २१३८ असेल तर ईसीएमकडे बघू पण नका, पेडलकडे बघा. मालवाहू गाड्यांना वेग बांधणारा स्पीड गव्हर्नर बसवलेला असतो, त्यातले बरेच डबे पेडलच्या वायरी मध्येच कापून जोडलेले, वर काळी टेप. ती टेप उन्हात सुटते, जोड हिरवा पडतो, पेडलचे दोन सिग्नल एकमेकांशी जुळेनासे होतात आणि गाडी रेस घेत नाही, कसाऱ्याच्या घाटात लोड घेऊन चाळीसच्या वर जात नाही. लोक म्हणतात बॉक्स गेला. जोड सोल्डर करून स्लीव्ह चढवली की गाडी पळते.

मेस्तरी म्हणतात दुसऱ्या गाडीचा बॉक्स लावून बघू, चालला तर तेच समजायचं. काय हरकत आहे?

हरकत अशी की ज्या शॉर्टने तुमचा बॉक्स उडवला तोच शॉर्ट दुसऱ्याचा पण उडवेल, मग दोन बॉक्स भरायचे. शिवाय इमोबिलायझर (आम्ही इमो म्हणतो, ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन चालू होऊ देत नाही ते) असलेली गाडी परका बॉक्स ओळखत नाही, सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही किंवा पकडून दोन सेकंदात बंद, मग मेस्तरी म्हणतो "हा पण खराब आहे". दोन्ही चांगले असतात हो. अगदी त्याच मॉडेलची, त्याच सालाची, इमो नसलेली गाडी असेल आणि आधी इंजेक्टर आणि सप्लाय तपासलेले असतील तरच लावून बघण्यात अर्थ.

घरच्या घरी काय तपासता येईल?

बॅटरी आणि अर्थ. आणि हे लोक करतच नाहीत कारण यात काही विशेष वाटत नाही.

आधी बॅटरी. १२ व्होल्टच्या गाडीत सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५, ट्रकला २४ ची सिस्टिम असेल तर २७.५ ते २८.५ च्या दरम्यान. अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेला आणि १६-१७ व्होल्ट जायला लागले तर नवीन बॉक्सची पण तीच गत होणार.

मग अर्थ. मल्टीमीटरची एक तार बॅटरीच्या मायनस खांबावर, म्हणजे क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबावरच, आणि दुसरी ईसीएमच्या अर्थच्या पिनवर मागच्या बाजूने बारीक सुई घालून. किल्ली ऑन, कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. ०.१ च्या आसपास ठीक, ०.२ च्या वर गेलं की अर्थ खराब.

याहून माझी आवडती टेस्ट म्हणजे बल्ब. किल्ली बंद, ईसीएमचा कपलर काढा, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या, गाडी १२ ची तर बल्ब १२ चा आणि २४ ची तर २४ चा, आणि कपलरमधल्या सप्लाय आणि अर्थच्या पिनांवर जोडा. सप्लाय मेन रिलेतून येत असेल तर रिले काढून त्याच्या सॉकेटमध्ये फ्यूज असलेली जंपर वायर घालावी लागते. बल्ब फटफटीत पेटला पाहिजे, जसा बॅटरीवर डायरेक्ट लावल्यावर पेटतो तसाच.

मीटरने का नाही? कारण मीटर करंट ओढतच नाही. दिंडोरीची द्राक्षांची पिकअप आली होती मागच्या सीझनला, मीटर लावला तर १२.४, एकदम राजेशाही, आणि बल्ब लावला तर लालसर निखाऱ्यासारखा. बॅटरीच्या ट्रेखाली चॅसिसला जो अर्थचा बोल्ट असतो तो ॲसिडने खाल्लेला, वरून बॉडीवाल्याने काळा रंग मारलेला, आणि वायरच्या एकोणीस तारांपैकी दोन-तीन शिल्लक. दोन तारा मीटरला पुरतात, ईसीएमला नाही पुरत. लग नवीन लावला, बोल्टखालचा रंग घासून पांढरं लोखंड काढलं, वर ग्रीस. मालकाला ईसीएमसाठी उसने पैसे घेऊन पाठवलं होतं घरच्यांनी, ते तसेच परत गेले.

पिनांच्या आत मीटरची जाड सळई कोंबू नका. पिन पसरते आणि मग तिथे कायमचा लूज कॉन्टॅक्ट बसतो, तो शोधणं म्हणजे कुंभमेळ्यात हरवलेलं माणूस शोधणं.

५ व्होल्टची भानगड म्हणजे काय?

ईसीएम बॅटरीच्या करंटमधून स्वतःच ५ व्होल्ट तयार करतो आणि पेडल, रेल प्रेशर, टर्बोचं प्रेशर अशा सेन्सरना वाटतो. एका लाइनवर दोन-तीन सेन्सर असतात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला किंवा त्याची वायर कुठे घासून बॉडीला लागली की सगळ्यांचाच सप्लाय बसतो. घरात एका बोर्डाला शॉर्ट झाला की पूर्ण घराची लाइट जाते तसं. अशा वेळी स्कॅनर एकदम पाच-सहा सेन्सर खराब दाखवतो, आणि एवढे सगळे एकदम कसे जातील, म्हणून बॉक्सवर नाव येतं.

पिंपळगावची टोमॅटोची गाडी होती, दोन ठिकाणी बॉक्स सांगितलेला. मी रेल सेन्सरच्या कपलरला मीटर लावून ठेवला, ०.३ दाखवत होता, आणि एकेक सेन्सरचा कपलर काढत गेलो. पेडल काढलं, काही नाही. कॅम सेन्सर, काही नाही. टर्बोच्या पाइपवरचा प्रेशर सेन्सर काढला आणि मीटर टुणकन ५ वर. सेन्सर पण चांगलाच होता, त्याची वायर ब्रॅकेटच्या धारेवर घासून तांबं उघडं पडलं होतं. एक इंच टेप आणि एक केबल टाय एवढं बिल, चहा त्यांनीच पाजला.

सगळे सेन्सर काढले, त्या लाइनच्या वायरी तपासल्या, आणि तरी ५ येत नाही, आणि सप्लाय-अर्थ बल्बवर पास आहे, तर मग बॉक्स. तेव्हा मी पण बॉक्सच सांगतो.

गार असताना चालू होते, गरम झाली की बंद. हे बॉक्सचं ना?

असू शकतं, आत सोल्डरला बारीक तडा गेला असेल तर तापल्यावर फाकतो. पण आधी क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन किती फिरतंय ते ईसीएमला सांगणारा, कारण त्याची कॉइल पण तापली की ओपन होते आणि अगदी हेच लक्षण. बंद पडलेल्या क्षणी स्कॅनर लावा आणि सेल्फ मारा. स्कॅनर बोलतोय पण आरपीएम शून्य दाखवतोय तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर. स्कॅनरच बोलायचा बंद झाला आणि ५ व्होल्ट पण गेला, सप्लाय-अर्थ जागेवर आहे, तर ईसीएम. गाडी गार व्हायची वाट बघून मग गॅरेजला आणू नका, गार गाडीत आम्हाला काय दिसणार, डोंबल? फोन करा, आम्ही येतो.

रिपेअर करावा, नवीन घ्यावा का जुन्या बाजारातला?

गाडी किती वर्षं ठेवायचीय आणि बॉक्समध्ये नेमकं काय गेलंय त्यावर आहे.

एखाद्या इंजेक्टरचा ड्रायव्हर (त्याला करंट देणारा बोर्डावरचा भाग) उडाला, कपॅसिटर सुकले, सोल्डर तुटला, सप्लायची पट्टी जळाली, असलं काम चांगला बोर्ड रिपेअरवाला नीट करतो आणि ते टिकतं. पाणी आत जाऊन पिनांखालच्या पट्ट्या खाल्ल्या असतील तर थोडं धूसर, आज चालू होईल आणि पुढच्या पावसाळ्यात दुसरीकडून निघेल. काही बॉक्समध्ये साध्या हिरव्या बोर्डाऐवजी सिरॅमिकची प्लेट असते, केसाहून बारीक तारा आणि वर जेल, ते हाताने करणं जवळपास अशक्य, "करून देतो" म्हणणाऱ्याकडे जरा संशयाने बघा. आणि प्रोसेसरच गेला असेल तर रिपेअर नाही.

रिपेअरचा मोठा फायदा म्हणजे बॉक्स तोच राहतो. इमो तोच, इंजेक्टरचे कोड तेच, लावला की गाडी चालू.

नवीन घेतला तर वॉरंटी मिळते, पण तो कोरा असतो. त्यात गाडीचा प्रोग्राम टाकायला, किल्ली ओळख करायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. जुन्या मॉडेलचा माल लगेच मिळेलच असं नाही, ऑर्डर टाकून बसावं लागतं. भाव विचारताना नुसता बॉक्सचा विचारू नका, प्रोग्रामिंग धरून विचारा, नाहीतर काउंटरवर एक आकडा आणि बिलावर दुसरा.

जुन्या बाजारातला स्वस्त पडतो आणि मी पण लावतो, खोटं कशाला बोलू. पण लेबलवरचा नंबर आकड्याला आकडा जुळला पाहिजे. बॉशचा डीझेलचा बॉक्स असेल तर नंबर ०२८१ ने सुरू होतो, पेट्रोलचा ०२६१ ने. "शेवटचेच दोन आकडे वेगळे आहेत, चालतो" असं सांगणारे भेटतात, तो चालतो कधीकधी, आणि कधीकधी धूर सोडतो, ॲव्हरेज पाडतो, फॅन लावत नाही. बाहेरून दोन बॉक्स सारखे दिसले म्हणून आतला प्रोग्राम सारखा नसतो.

आणि बिलाशिवाय घेऊ नका. ट्रकचे ईसीएम रात्रीत चोरीला जातात हे लाइनवरच्या ड्रायव्हर लोकांना सांगायला नको. चोरीचा माल घेणं हा पण गुन्हाच आहे, आणि ज्याचा चोरला त्याचं दुःख वेगळंच. बोर्ड कोणत्या गाडीचा, नंबर काय, एवढं तरी लिहून घ्या.

जुना बॉक्स एक्स्चेंजमध्ये दिला तर पैसे कमी होतात म्हणतात. देऊ का?

नको नको नको. निदान नवीन बॉक्सवर गाडी महिनाभर पळेपर्यंत तरी नको.

जुन्या बॉक्सच्या आत गाडीची कुंडली असते. इमोचा कोड, चॅसिस नंबर, इंजेक्टरचे करेक्शन कोड, सगळं आतल्या मेमरीत. बरेचदा ड्रायव्हर किंवा सप्लायचा भाग मेलेला असतो पण मेमरी जिवंत असते, काही बॉक्समध्ये ती आठ पायांची वेगळी छोटी चिप असते, ती वाचून जशीच्या तशी दुसऱ्या बॉक्समध्ये उतरवता येते. याला क्लोन म्हणतात. क्लोन झाला की गाडीला कळत पण नाही बॉक्स बदललाय. जुना बॉक्सच नसेल तर इमो आणि किल्ल्या सगळंच नव्याने, आणि जुन्या गाडीची एकच किल्ली शिल्लक असली की अजूनच मजा.

हे मी शहाणपणाने नाही शिकलो, ठेच लागून शिकलो. सुरुवातीच्या दिवसांत एका शाळेच्या व्हॅनचा बॉक्स मी कुरिअरने बाहेरगावी रिपेअरला पाठवला होता, कुठे आणि कुणाकडे ते जाऊ द्या. पंधरा दिवसांनी आला. वर लेबल आमचंच, पण आत बोर्ड दुसराच, लेबल खरवडून चिकटवलेलं, कोपऱ्याला गोंदाचा डाग. गाडी पकडेना. फोन केला तर "आम्ही हाच पाठवला". माझ्याकडे ना फोटो ना खूण, भांडणार कशाच्या जोरावर? व्हॅनवाल्या दादांची शाळेची फेरी तोवर भाड्याच्या गाडीवर चालू होती, तो खर्च मी अर्धा सोसला. तेव्हापासून बॉक्स माझ्या हातातून जायच्या आधी चारी बाजूंनी फोटो आणि झाकणाच्या जोडावर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका. लाल रंगाची बाटली गाळ्यावरच असते आता, नवीन पोरं हसतात, हसू दे.

आणि मेमरी वाचता येत असेल तर रिपेअरला द्यायच्या आधीच वाचून फाइल सेव्ह करून घ्या.

नवीन बॉक्स लावायच्या आधी काय बघायचं?

जुना का मेला ते. कारण न शोधता लावला तर तो पण जाणार.

इंजेक्टर तपासा. कॉमन रेलच्या कॉइलवाल्या इंजेक्टरचा रेझिस्टन्स अर्ध्या ओहमच्या आतबाहेर असतो, साधा मीटर तिथे नीट सांगत नाही, पण पिनेपासून इंजेक्टरच्या बॉडीपर्यंत ओपन आहे का एवढं तरी सांगतो. बॉडीला शॉर्ट असेल तर आधी तो बदला. पेट्रोल व्हॅनच्या इंजेक्टरला ११ ते १६ ओहम आला पाहिजे. इंजिन चालू असताना डीझेल इंजेक्टरच्या वायरला हात लावू नका, बॉक्स आतल्या आत व्होल्टेज चढवून ६०-७० च्या पुढे पाठवतो, झिणझिण्यांवर भागत नाही.

वायरिंगमध्ये जीपीएस, गव्हर्नर, हॉर्न, एलईडीच्या माळा, जे जे ईसीएमच्या सप्लायमधून घेतलंय ते काढून बॅटरीवरून वेगळ्या फ्यूजने घ्या. आणि उंदीर. मार्केट यार्डात रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाड्यांची वायरिंग उंदीर कुरतडतात, लोक तंबाखूच्या पुड्या ठेवतात, मी पुडीच्या शेजारीच कुरतडलेली वायर बघितलीय.

स्वतः बदलता येतो का? काढायचा कसा?

काढणं-लावणं अवघड नाही, पुढचं प्रोग्रामिंग अवघड आहे. किल्ली बंद करा आणि लगेच हात घालू नका, दोन-तीन मिनिटं थांबा, कारण किल्ली बंद झाल्यावरही ईसीएम थोडा वेळ जागा राहून आपली मेमरी लिहीत असतो. मग बॅटरीचा मायनस काढा. मग कपलर, त्याला लिव्हर किंवा स्लायडर असतो, तो उघडल्याशिवाय ओढायचं नाही आणि वायरीला धरून तर नाहीच. बॉक्सला हात लावायच्या आधी गाडीच्या उघड्या लोखंडाला हात लावा, आणि पिनांना बोट नको. लावताना उलटं, आधी कपलर आणि बॅटरी सगळ्यात शेवटी. बॉक्स ज्या ब्रॅकेटवर आणि रबरावर होता त्यावरच बसवा, एका महाशयांनी केबल टायने बॅटरीशेजारी बांधला होता, इगतपुरीच्या खड्ड्यांत बॉक्स नाचत होता.

कपलरची वायर खालून येऊन वर चढेल अशी ठेवा. वरून उतरत आली की पाणी वायरीवरून घरंगळत थेट पिनांत.

लावल्यावर लगेच गाडी घेऊन जाता येईल का?

क्लोन असेल तर हो, तासाभराची ट्रायल मारून. नवीन असेल तर प्रत्येक इंजेक्टरवर कोरलेला आकडे-अक्षरांचा कोड त्या त्या सिलिंडरला भरावा लागतो. सातपूरला बॉशचा कारखाना आहे, ज्याला जुनी माणसं अजून मायको म्हणतात, तिथे हे इंजेक्टर आणि नोझल बनतात, आपल्या गावचाच माल आहे पण कोड भरायचा कंटाळा आपल्यालाच फार. प्रत्येक इंजेक्टर बनताना किंचित कमीजास्त डीझेल सोडतो आणि हा कोड ईसीएमला तो फरक सांगतो. नाही भरला तरी गाडी चालते, म्हणूनच तर सोडून देतात, पण आयडलला कटकट आवाज, धूर आणि ॲव्हरेजची बोंब सुरू होते.

प्रोग्राम टाकताना बॅटरीला चार्जर लावलेला हवा आणि लॅपटॉप फुल चार्ज. मध्येच व्होल्टेज पडलं किंवा लाइट गेली तर अर्धवट प्रोग्रामचा बॉक्स म्हणजे पेपरवेट. सगळं झाल्यावर कोड क्लिअर करा, अल्टरनेटरचं चार्जिंग परत मोजा, आणि पहिले दोन दिवस लोड जरा बेताने.

बॉक्स जातात तरी कशाने? टाळता येतं का?

मी बघितलेले बहुतेक पाणी, वेल्डिंग आणि उलटी बॅटरी, म्हणजे प्लस-मायनस उलटे जोडणं, या तिघांनीच गेलेले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझा फोन थांबत नाही. आदल्या दिवशी पूजेसाठी गाडी चकाचक, इंजिनवर प्रेशरने पाणी, झेंडूचा हार, नारळ फोडून त्याचं पाणी पण थोडं बॉनेटच्या आत, आणि सकाळी चालूच होत नाही. पूजा करा हो, मी पण करतो. फक्त कपलरवर आणि बॉक्सवर प्रेशर नको, प्लॅस्टिक बांधा आणि बाकीचं ओल्या फडक्याने पुसा.

बॉडीवर किंवा चॅसिसवर वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरी काढा, ईसीएमचे कपलर काढा, आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प जिथे टाका मारताय त्याच्या अगदी जवळ लावा, मागचा फाळका जोडताना क्लॅम्प पुढच्या बंपरला नको. इथे द्वारका चौकापासून आडगावपर्यंत किती बॉडीवाले हे करतात देव जाणे, तुम्ही स्वतः उभं राहून करून घ्या.

१२ च्या गाडीला ट्रकच्या २४ वरून जंप स्टार्ट देऊ नका. सेल्फ भारी फिरतो, खरंय.

पुरात गाडी बुडाली होती, बॉक्स गेलाच समजायचं का?

नाही, पण किल्ली फिरवलीत तर जाईल. २०१६ आणि २०१९ ला गोदावरीला पूर आला, नाशिकच्या काठावरचा दुतोंड्या मारुती (पूर किती चढला ते लोक याच मूर्तीवरून मोजतात) बुडाला, तेव्हा नदीकाठच्या गाड्यांचं हेच झालं. ओल्या बोर्डात करंट असला की तांबं भराभर खाल्लं जातं, करंट नसेल तर वेळ मिळतो. म्हणून आधी बॅटरी काढा, सेल्फ मारून "बघू चालू होते का" करू नका, बॉक्स काढून आणा. आम्ही उघडून, साफ करून, सुकवून मगच करंट देतो. आणि हो, पुराचं नुकसान विम्यात बसतं पण त्याला ओन डॅमेजचा विमा लागतो, नुसत्या थर्ड पार्टीत काही मिळत नाही. बॉक्स आपोआप बिघडला असेल तर तो इलेक्ट्रिकल ब्रेकडाउन, साध्या पॉलिसीत ते धरत नाहीत. विमा मागायचा असेल तर फोटो काढा, आणि बॅटरी काढण्यापलीकडे सर्व्हेअर येईपर्यंत काही उघडू नका, बॉक्स त्यानंतर आणा.

आरटीओत काही कळवायला लागतं का?

आरसीवर चॅसिस आणि इंजिनचा नंबर असतो, ईसीएमचा नाही, त्यामुळे तोच बॉक्स त्याच प्रोग्रामने बदलला तर आरसीत काही बदल होत नाही. मालवाहू गाडी आठ वर्षांच्या वर गेली की फिटनेस दरवर्षी, तेव्हा धूर आणि बाकीचं नीट लागतं, बिल मात्र गाडीत ठेवा.

बॉक्स उघडताच आहात तर ईजीआर बंद करून थोडा पिकअप वाढवून द्या की?

नाही करत. पेठ रोडच्या आरटीओत पासिंगला उभं तुम्हाला राहायचंय.

किती दिवस लागतात?

तपासायला एक दिवस धरा, आणि हा दिवस वाचवायला जाऊ नका. रिपेअर किंवा क्लोन असेल तर आणखी दोन-तीन दिवस, नवीन मागवायचा असेल तर माल येईल तसं. येताना गाडीच्या सगळ्या किल्ल्या आणा, आरसीचा फोटो आणा, आधी कुणी बॉक्स उघडला असेल तर लपवू नका, झाकणाच्या सिलिकॉनवरून आम्हाला कळतंच. आणि शनिवारी संध्याकाळी सहा नंतर आणू नका, त्या वेळी मी मल्टीमीटर बंद करून ठेवलेला असतो.